भाचीचं पोर्ट्रेट काढायचंय? विशेषणं चपलांबरोबर बाहेर ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आलाय. इथंच वडोदऱ्यात राहणाऱ्या एका मावशीनं विचारलंय की भाची १६ वर्षांची आहे, वर्षभर झालं फोटो काढू देत नाही, कुणी काढलाच तर फोन हिसकावून डिलीट करते, गेल्या नवरात्रीत चनियाचोळी शिवून आली तरी गरब्याला गेली नाही, "माझे दंड बघ ना" एवढंच म्हणाली. मावशीचा हात स्केचिंगला बरा आहे आणि तिनं ऐकलंय की दोघींनी मिळून पोर्ट्रेट केलं तर स्वतःकडे बघायची नजर बदलते. खरंच बदलते का, आणि घरी जमेल का?

ताई, जमेल. पण तुमच्या डोक्यात जे चाललंय ना, की मी तिचं छानसं चित्र काढणार, ती बघणार, डोळ्यांत पाणी, अगंबाई मी इतकी सुंदर दिसते का वगैरे, ते आधी काढून टाका. २०१३ साली एका साबणाच्या कंपनीची अशी जाहिरात फार गाजली होती, पोलिसांसाठी स्केच काढणारा माणूस पडद्याआडून बाईनं स्वतःचं केलेलं वर्णन ऐकून चेहरा काढतो, मग दुसऱ्यानं केलेल्या वर्णनावरून काढतो, दुसरं चित्र जास्त सुंदर येतं आणि बाई रडते. मलाही बघताना भरून आलं, खोटं कशाला बोलू. पण नंतर वाटलं की अरे, म्हणजे मार्क वाढवून दिले, परीक्षा तीच ठेवली. उद्या कुणी कमी मार्क दिले की ही परत तिथंच.

मी दांडिया बाजारात एका जुन्या वाड्याच्या माडीवर शनिवारी दुपारी हे दोघांनी मिळून पोर्ट्रेट करायचं काम करते, बावीसेक वर्षं झाली. त्याआधी फाइन आर्ट्सला पेंटिंग करून बरीच वर्षं ऑर्डरची पोर्ट्रेट्स केली, रिटायर होणारे साहेब, मंडळाचे अध्यक्ष, आजोबांच्या पासपोर्ट फोटोवरून हार घालायला ऑइल. त्या धंद्यात एक सवय लागते, हात आपोआप गाल जरा आत घेतो, डोळ्यांखालचं काळं पुसतो, गिऱ्हाईक खूश तर पेमेंट वेळेवर.

ती सवय कशी सुटली ते सांगते कारण तुम्हाला हेच टाळायचंय. एक शिक्षिका माझ्याकडे बसायला यायच्या, चाळिशीच्या, अंगानं भरलेल्या, बोलायला मस्त. सहा सिटिंग झाली आणि शेवटच्या दिवशी मी डाव्या दंडाची रेषा साधारण अर्धा इंच आत घेतली, कुणी सांगितलं नव्हतं, प्रेमानंच घेतली. त्यांनी चित्राकडे बघितलं, मग दंडाकडे, आणि शांतपणे म्हणाल्या, "कमी केलात ना? म्हणजे तुम्हालाही खटकला." पैसे ठेवून गेल्या, चित्र नेलं नाही. ते अजून माझ्याकडे भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. सहा दिवस माझ्यासमोर त्या निवांत बसल्या होत्या आणि मी अर्ध्या इंचात सगळं घालवलं.

तर पहिली गोष्ट, भाचीचा दंड जसा आहे तसा. पाव इंच इकडेतिकडे नाही.

आता हे "कसं दिसायला हवं" आपल्या डोक्यात येतं कुठून, त्याचं बरंचसं उत्तर आपल्याच गावात आहे. १८८१ साली सयाजीरावांना राज्याधिकार मिळाले त्या सुमारास राजा रविवर्मा बडोद्याला आले, राजघराण्याची पोर्ट्रेट्स केली, पुढे पुराणातल्या प्रसंगांची १४ मोठी चित्रं केली. मग १८९४ ला त्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतीवर गेल्या, आपल्या आज्यांच्या देवघरापर्यंत. रंग तो तसा, दंड ते तसे, बोटं ती तशी. मी रविवर्मांना नावं ठेवत नाहीये, फत्तेसिंह म्युझियममध्ये जाऊन ते कापड आणि जर कशी रंगवलीय ते बघा, वेड लागतं. पण एकच चेहरा शंभर वर्षं भिंतीवर असला की तो मापाचा गज होऊन बसतो, हे खरं. त्यात नंतर स्टुडिओवाले. माझा "दाखवायचा" फोटो रावपुऱ्यात काढला होता, तेव्हा निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलनं रिटच करायचे, निगेटिव्हवर जिथं पेन्सिल फिरते तिथं प्रिंटमध्ये उजळ येतं, मुरुमं, सुरकुत्या, सावळेपणा सगळं त्या पेन्सिलीखाली गडप. फोटो बघून स्थळ आलं, मला बघून परत गेलं. आता ती पेन्सिल फोनमध्ये आलीय, फिल्टर म्हणतात, एवढाच फरक. त्यामुळे "आजकालच्या मुलींचं बाई हे मोबाइलमुळे" असं तिच्यासमोर म्हणू नका, आपण काही वेगळ्या नव्हतो.

गावातलाच उलटा दाखला द्यायचा तर भूपेन खख्खर. सीए माणूस, अर्धा दिवस हिशेब आणि उरलेल्या वेळात पेंटिंग, तेही आर्ट स्कूलात पेंटिंग न शिकता. त्यांनी शिंपी, घड्याळजी, पांढऱ्या केसांचे सुटलेल्या अंगाचे पुरुष रंगवले, आणि कुठंही टिंगल नाही की सजावट नाही. भाचीला इंटरनेटवर ती चित्रं दाखवा, पण आधी स्वतः एकदा बघून निवडा, काही मोठ्यांसाठीची आहेत.

बरं, कामाला लागू. पहिल्या दिवशी कागद नाहीच. बाथरूमचा आरसा आणि साबणाची चिपटी. भाचीला आरशासमोर उभं करा, एक डोळा मिटून आरशात जो चेहरा दिसतोय त्याची बाहेरची रेघ साबणानं काचेवर काढायला सांगा, हनुवटीपासून टाळूपर्यंत. मग बाजूला होऊन पट्टीनं मोजा. बरोब्बर निम्मा येतो! चेहरा नऊ इंच असेल तर काचेवर साडेचार. मागे सरकून परत काढा, तरी निम्माच. कारण साधं आहे, आरशातली आपण काचेच्या तितकीच मागे असते जितके आपण पुढे, आणि काच मधोमध. रोज दहा वेळा आरसा बघणाऱ्या माणसाला हे कधी दिसलेलं नसतं, माझ्याकडे रिटायर्ड इंजिनियर येऊन वाद घालून, मोजून, गप्प बसलेत. हे मी पहिल्यांदा का करते, तर "मला माहितीये मी कशी दिसते" ही जी खात्री असते ना, तिला कुणी न दुखावता एक टाचणी लागते.

त्याच दिवशी सेल्फीचं पण सांगून टाका. फोन एक फुटावर धरला की नाक जवळ, कान लांब, त्यामुळे नाक पसरट दिसतं. २०१८ मध्ये अमेरिकेत डॉक्टरांनी हिशेब करून दाखवलं की १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरून काढलेल्यापेक्षा साधारण ३० टक्के रुंद येतं. म्हणून पोर्ट्रेट करताना मी कधीच पाच फुटांच्या आत बसत नाही. आणि आपल्याच फोटोत आपण विचित्र का दिसतो, त्याचंही एक कारण सापडलेलं आहे, १९७७ सालचा प्रयोग, बायकांना स्वतःच्या फोटोची सरळ प्रत आणि आरशासारखी उलटी प्रत दाखवली, त्यांना स्वतःला उलटी आवडली आणि त्यांच्या मैत्रिणींना सरळ. ज्याला जी बाजू सवयीची, त्याला ती बरी. भाचीला सांगितलंत तर एक तर "हॅ" म्हणेल किंवा लगेच फोन काढून करून बघेल, दोन्ही चालेल.

दुसऱ्या दिवशी आधी तुम्ही बसायचं. हे महत्त्वाचंय आणि बहुतेक मोठी माणसं इथंच कच खातात. तिच्या हातात कोळसा द्या, तुम्ही खिडकीशी बसा, आणि तिला कागदाकडे न बघता तुमचा चेहरा काढू द्या, नजर मावशीवर, हात कागदावर, पाच मिनिटं. पिकासो निघतो. हसा दोघी. मग उलट. एकदा दोघींची वाईट चित्रं शेजारी शेजारी लागली की "चांगलं दिसणं" हा विषयच जरा बावळट वाटायला लागतो. आणि तिनं तुमची दुहेरी हनुवटी काढली आणि तुम्ही "ईऽ, खोड ते" म्हणालात तर सगळं मुसळ केरात, ती तुमच्याकडेच बघतेय की मावशी स्वतःशी कशी वागते.

आता नियम, एकच आहे. बोलताना विशेषणं बंद. आमच्या माडीच्या दारात चपला काढायच्या तिथंच ती पण काढून ठेवायची, जाताना हवी तर घालून जा. जाड, बारीक, गोरी, सावळी, छान, घाण, काही नाही. "छान" पण नाही! फक्त माप आणि जागा. दोन डोळ्यांच्या मध्ये साधारण एका डोळ्याइतकी जागा आहे. कानाची पाळी नाकाच्या शेंड्याच्या रेषेत येते की खाली. सावली गालाच्या हाडापासून सुरू होऊन ओठाच्या कोपऱ्याशी संपते. पहिल्या वीस मिनिटांत जीभ अडखळते, माणूस विशेषणाशिवाय स्वतःबद्दल बोलूच शकत नाही असं लक्षात येतं. मानसोपचारात पण याच्या जवळपासची पद्धत आहे, आरशासमोर उभं राहून डोक्यापासून पायापर्यंत निवाडा न करता फक्त वर्णन करायचं, पण ते तिथं शिकलेला माणूस सोबत असतो. आपलं त्यामानानं साधं, कारण आपल्याला खरंच चित्र काढायचंय, माप लागणारच.

ही मापं घेताना एक गंमत होते. नवखा माणूस डोळे नेहमी फार वर काढतो. खरं तर डोळे डोक्याच्या बरोब्बर मध्यावर असतात, वर टाळूपर्यंत जितकं तितकंच खाली हनुवटीपर्यंत, पेन्सिल धरून मोजा पटत नसेल तर. पण कपाळ आणि केस यांत आपल्याला काही रस नसतो, म्हणून मन ते आखडून टाकतं, आणि डोळे नाक ओठ जिथं लक्ष जातं ते मोठे करून ठेवतं. मला विचाराल तर आपल्या मनातलं आपल्या अंगाचं चित्र पण असंच नवख्या हातानं काढलेलं असतं. ज्यावर रोज लक्ष, ते फुगतं. माझ्याकडे नाकावरून शाळेत चिडवलेला एक मुलगा यायचा, त्यानं स्वतःच्या पहिल्या चित्रात नाक काढलंच नव्हतं, दुसऱ्यात अर्धा चेहरा नाक. मोजून काढलं तेव्हा म्हणाला, "एवढंच?" मी काही बोलले नाही. नाक मोठंच होतं त्याचं, पण चेहऱ्यावर बाकी पण बरंच काही होतं हे त्याला तेव्हा दिसलं.

तिसऱ्या दिवसापासून खरं पोर्ट्रेट, आणि ते दोघींचं. म्हणजे कसं, तर कुठं बसायचं, काय घालायचं, उजेड कुठून, काय दाखवायचं काय नाही ते ती ठरवणार. दंड शालीखाली झाकून बसली तर झाकू द्या, कागदावर शालच काढा. तुम्ही वीस मिनिटं काढणार, पाच मिनिटं सुट्टी, मग कागद तिच्याकडे, तिला वाटेल ते ती त्यावर करणार आणि तुम्ही तिनं केलेलं खोडायचं नाही. मग परत तुम्ही. असं चार-पाच वेळा. लोक काय करतात म्हणाल तर काही सांगता येत नाही, कुणी केसच घट्ट करत बसतं, कुणी मागची खिडकी सजवतं, एका मुलीनं मी काढलेल्या ओठांवर खसाखसा रेघोट्या मारल्या आणि पुढच्या वेळी स्वतःच हळूहळू ते ओठ परत काढले, पहिल्यापेक्षा जाड, कारण जाडच होते. कोड असलेल्या एक काकू होत्या, त्यांनी हातावरचे डाग स्वतः ट्रेस केले, मग एकेका डागाला गावाचं नाव दिलं, हे माहेर, हे सासर, हे मुंबई, इथं कधी गेले नाही. मला तसलं सुचलंच नसतं, आणि मी सुचवलं असतं तर ते फार बालिश झालं असतं. त्यांचं त्यांनी केलं म्हणून ते उभं राहिलं.

बसणाऱ्याच्या चेहऱ्याबद्दल एक धंद्यातली गोष्ट. पहिली दहा मिनिटं तुम्हाला जे दिसतं तो फोटोचा चेहरा असतो, ओठ आवळलेले, भुवया उचललेल्या. पंधराएक मिनिटांनी धरून ठेवायचा कंटाळा येतो आणि तो गळून पडतो, खांदे खाली येतात, श्वास पोटातून. तोपर्यंत फक्त केस आणि कॉलर काढत बसा. तो दुसरा चेहरा आला की काही बोलू नका, काढा.

आई खोलीत नको. माफ करा, पण नको. "नाक बाबांवर गेलंय, रंग तेवढा माझा घ्यायला हवा होता" हे वाक्य मी किमान पन्नास वेळा ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी प्रेमानंच म्हटलेलं असतं. आज्जी असेल तर मात्र एक दिवस बोलवा, तिघी-चौघींचे नुसते कान काढा. कानाबद्दल कुणाला लाज नसते म्हणून मस्त जमतं, आणि घराण्यात काय काय फिरत आलंय ते दिसतं. कान म्हातारपणापर्यंत वाढतच राहतात हे पण त्या दिवशी सांगता येईल, १९९५ मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी पेशंट्सचे कान मोजून वर्षाला सरासरी ०.२२ मिलीमीटर असा आकडा काढला होता. आज्जीला हे फार आवडतं.

चित्राची मालक ती. ठेवेल, फाडेल, गच्चीत जाळेल. स्टेटसला टाकायचं नाही, फॅमिली ग्रुपवर तर नाहीच, तिनं स्वतः टाकलं तर वेगळी गोष्ट.

काय बदलतं, तर ताई, बारीक गोष्टी. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी "आता मला मी आवडते" असं म्हणणारे फार थोडे, आणि म्हणाले की मला उलट जरा काळजीच वाटते. जास्त करून असं होतं की माणूस स्वतःबद्दल बोलताना मध्येच थांबतो. एखादी म्हणते, माझा दंड कसा झालाय, नाही म्हणजे, कोपराच्या वर सावली जाड पडते. तेवढंच. कधी कधी काहीच होत नाही, चार शनिवार येतात आणि यायचं बंद होतात. तुमची भाची पुढच्या नवरात्रीत गरब्याला जाईल असं मी सांगणार नाही. कदाचित जाईल आणि दुपट्टा पिन करून जाईल.

एक करू नका. खाली मोठा कागद पसरून त्यावर माणसाला झोपवून पूर्ण अंगाची रेघ मारायची, बॉडी मॅप म्हणतात, ते व्हिडिओत बघून बऱ्याच जणांना करावंसं वाटतं. ती पद्धत मोठी आहे, दक्षिण आफ्रिकेत केप टाउनजवळच्या खायेलित्शात २००२ च्या सुमारास एचआयव्हीसोबत जगणाऱ्या बायकांनी स्वतःच्या आकाराच्या चित्रांत आपली आयुष्यं मांडली, तिथून ती जगभर गेली. पण जिला अंगाच्या आकाराचंच दुखतंय तिला त्याच आकाराची रेघ एकटीला घरात दाखवणं म्हणजे जखमेवर बोट. खाण्याच्या आजारांत थेरपिस्ट अशी रेघ वापरतात, आधी पेशंटनं अंदाजानं काढायची मग खरी मारून शेजारी बघायची, पण ते त्यांचं काम, मावशीचं नाही, माझं पण नाही.

आणि हे जरा नीट बघा. जेवण टाळते का, जेवून लगेच बाथरूममध्ये जाते का, पाळी चुकायला लागलीय का, तासन्‌तास आरशासमोर असते किंवा आरसे झाकून ठेवते, शाळा बुडवते, जगून काय करू असं काही बोलली आहे का. यातलं काही असेल तर चित्रबित्र बाजूला, आधी डॉक्टर. सयाजी हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे, कारेलीबागेत मेंटल हॉस्पिटल आहे, नावाला घाबरू नका, आणि फोनवर बोलायचं असेल तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर, पैसे लागत नाहीत. एक मुलगी मी "चित्रानं सुटेल" म्हणत दोन महिने बसवली होती, तिचं वजन उतरत होतं आणि मला तिच्या गालाची हाडं काढायला सोपी जातायत असं वाटत होतं. तिच्या आत्याच्या लक्षात आलं, माझ्या नाही. रोज मापं घेणारी बाई मी.

सामान काही लागत नाही. कोळशाच्या कांड्या, एक पुटी रबर म्हणजे कणकेसारखं मळता येणारं खोडरबर, दोन खुर्च्या पाच-सहा फुटांवर, शक्यतो उत्तरेची खिडकी म्हणजे उजेड पळत नाही, आणि पावसाळा असेल तर दुपारी अकरा ते दोन. कागद मात्र भारी आणू नका, पॅकिंगवाल्याकडे खाकी कागदाचा रोल मिळतो तो घ्या, पांढऱ्याशुभ्र महाग कागदापुढं लोक घाबरून नीट बसतात, खाकीवर कसेही बसतात. तिला म्हणा मला पोर्ट्रेटची प्रॅक्टिस करायचीय, कुणी मिळत नाहीये, बसशील का, आणि तू पण माझं काढ. खोटं पण नाही ते.